अर्धी गोळी

दवाखान्याच्या बाकावर सुगराबी नंबराची वाट बघत होती. शेजारी कुंभारी गावच्या दोघी जावा बसल्या होत्या, थोरली दगडाबाई आणि धाकटी सारजाबाई. दोघींच्या छातीत एकच दुखणं. ऐकायचं नाही म्हटलं तरी सुगराबीच्या कानांवर पडतच होतं.

"सारजे, काय म्हणला गं डाक्टर?"

"म्हणला, गाठ इंजेक्शनाला दाद देईना म्हणून ही नवी गोळी दिली, तर हिलाबी देईना. आजपासनं बंद."

"रोज खातीस का, इचारलं न्हाय?"

"इचारलं की. व्हय म्हणलं. खातीच की रोज."

"अर्धी खाती म्हणून सांगायचं हुतंस."

"अन् उरल्याली अर्धी कुणाला, म्हणला असता तर?"

"माझी गाठ तपासूनच त्यो म्हणला हुता, तुमच्या गाठीला ही गोळी लागू न्हाय. तू एकटीनंच खायाची हुतीस."

"एका ताटात जेवतो आपुन, आक्का. एकटीच्या घशाखाली कशी उतरंल?"

"आता दुसरी देणार हाय का?"

"मुंबईस्नं मागवतो म्हणला."

"जरा मोठी असंल का गं?"

"का वं?"

"ही लई बारकी हुती. तोडताना भुगा व्हायचा."