खुर्चीवरची चादर

हॅलो?… ताई! अगं, होतीस कुठे? फोन करून करून बोटं झिजली माझी… मीटिंग? बरं, ऐक. मी फ्रेमवाल्या काकांच्या दुकानात उभी आहे… हो, तू फोटो दिलास त्यांच्याच. भावजींनी पत्ता दिला… त्यांच्यावर कशाला ओरडतेस? मी त्यांना जेवूच देत नव्हते.

हो गं, बाबांच्या वाढदिवसाचं सरप्राइज, कळलं. मी काही फोडत नाहीये. फक्त आजोबांचा तो तान्हेपणीचा फोटो कापायचा नाही… नाही… ताई, नाही म्हणजे नाही!

काका, एक मिनिट, ते कटर खाली ठेवा ना… तुम्ही ठेवा तर खरं, तिच्याशीच बोलतेय.

ऐकलंस? म्हणतात, ज्यांनी काम दिलं त्यांनीच सांगायला हवं. पट्टी लावून तयार बसलेत. जीव टांगणीला लागलाय माझा… हो, माहितीये, फ्रेम अंडाकृती आहे. महागाची आहे. तीत नुसतं बाळच मावतं, आणि बाळामागचं ते काळं गाठोडं तुला नकोच आहे… ताई, ते गाठोडं नाहीये… चादर टाकलेली खुर्चीही नाही. बाबांना खुर्ची म्हणून आजोबांनी सांगितलं. आजोबांना काय आठवणार? तान्हे होते ते!

ती पणजी आहे.

हॅलो?… झालं हसून?… नाही, जुने फोटो गोळा करून डोकं फिरलेलं नाही माझं. बरं, फिरलंय म्हण, पण ऐक. तेव्हाच्या कॅमेऱ्यासमोर बराच वेळ न हलता बसावं लागायचं. जरा हललं की फोटोत नुसता धूर. मोठी माणसं बसायची श्वास रोखून, पण एवढंसं पोर बसेल का? मग आईला बसवायचं, तिच्यावर डोक्यापासून चादर टाकायची, तिची खुर्ची करायची आणि मांडीवर पोर… देवाशप्पथ. माझ्याकडेच तसले तीन आहेत, जुन्या बाजारातले… हो, तेच, ज्यांना तू भुतं म्हणतेस.

…चेहरा कशाला झाकायचा म्हणजे? फोटो मुलाचा ना! तिचा कुणाला हवा होता?

…पुरावा? मोबाइलमधल्या कॉपीत बाळाच्या काखेखाली बोटांसारखं काहीतरी दिसत होतं… चादरीची चुणी असेल, हो, मलाही वाटलं होतं. म्हणून तर अस्सल बघायला धावत आले. थांब, भिंग काढते. काका, तो दिवा जरा इकडे… आणखी… बस.

हं… झबल्याची लेस… गुंडी… ताई, बोटं आहेत! चक्क बोटं. नखंसुद्धा दिसतायत गं. काय घट्ट धरलंय त्याला! आणि काकांनी आखलेली पेन्सिलची रेघ बरोबर मनगटावरून गेलीये.

…पाहुणे संध्याकाळी येणार, माहितीये मला. दुसरी फ्रेम मी देते. या अंडाकृतीत तुझा नि भावजींचा फोटो लाव. भावजींचं पोट बाहेर राहील, तेवढंच… चेहराच दिसत नाही तर उपयोग काय? असं कसं बोलतेस गं! आजोबा जन्मभर काय म्हणायचे? आईचा एक तरी फोटो असता तर. चालायलाही लागले नव्हते, तेव्हा गेली ती. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, मी कुणासारखा दिसतो? आणि हाच फोटो त्यांच्याच पलंगाच्या वर, भिंतीला! मला राग येतो, ताई. तेव्हा तिला झाकलं. आता आपण कापायची?

…करू दे त्यांना दुकान बंद. मी इथून हलणार नाही. हट्टी तर हट्टी.

थांब. थांब थांब… ताई, तुझा उजवा हात कुठे आहे?… अगं, सांग तर! फोन डाव्या हातात घे आणि करंगळी बघ… आत वळलेली, हो, तीच. लहानपणी जिच्यावरून मी तुला रडकुंडीला आणायचे. बाबांची तशीच. आजोबांचीही तशीच होती…

…हो.

…हो गं. तश्शीच. शेवटच्या पेराशी वाकडी. बाळाच्या पोटावर टेकलीये.

ताई?… अगं, रडू नकोस, ऑफिसातली माणसं बघतील… हं… हं… मला नको सांगूस. माझं ते ऐकत नाहीत. काकांना सांग. देते हं फोन.

काका, घ्या. ज्यांनी काम दिलं, त्या.

…काय म्हणाली?… ठेवलासुद्धा? नाही, पण नेमकं म्हणाली काय?… पणजीसकट लावा?

…कोण पणजी म्हणता? या, काका. हे भिंग घ्या.