कासोटा सुटला तेव्हा

मी कोणावर पटकन विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यापायी एकदा माझी काय गत झाली ते ऐका. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या, तेव्हा लालबागला आम्हा बायकांची धावण्याची शर्यत लावली होती. बक्षीस होतं स्टोव्ह. चुलीच्या धुराने आई खोकून बेजार, म्हणून तो मला हवाच होता. अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, आणि माणसंही तशीच वाचता येतात असा माझा तोरा.

शेवटच्या वळणावर मी सगळ्यांच्या पुढे होते, बाकीच्या पार लांब मागे पडल्या होत्या. फक्त परळची सुशीला पाठीशी होती. ती ओरडली, "थांब गो, तुझा कासोटा सुटलाय."

म्हटलं, ही मला थांबवायची युक्ती. तशीच धावले आणि चार पावलांत नऊवारीत पाय अडकून आपटले.

पुढे निघून गेलेली सुशीला परत आली.

"हात नको लावूस. तुला कशाला माझा पुळका?"

"पुढे गिरणीतले सगळे बाप्ये उभे आहेत. लुगडं सुटलं तर तोंड कुठे लपवशील?"

तिने कासोटा करकचून खोचला. मग आम्ही दोघी एकदमच सुटलो, आणि हातभर अंतराने मी जिंकले.

टाळ्या वाजत होत्या, पण माझं मन मला खात होतं. परक्या चाळीतली बाई उगाच कशाला हरेल? तिला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, मुद्दाम मागे राहिलीस ना?"

ती धापा टाकत म्हणाली, "मुद्दाम? अगो, जीव तोडून धावले मी. तुझा कासोटा जरा सैल खोचायला हवा होता."