पुढची चार बटणं

— छे छे, पोट आत ओढू नकोस गं. श्वास सोड. हं. आता नेफा वर घे — अजून वर, बेंबीच्या वर — लाजतेस काय! तुम्हा पोरींना विजार ढुंगणावर लटकवायची सवय. दिवसभर वाकून दगडाची कुंपणं रचणार ना तू? मग पाठ झाकलेली हवी. आणि पट्टा नकोच, वाकलं की रुततो. खांद्यावरून हे गॅलिसचे पट्टे लाव. मागची दोन बटणं लावलीत मी, पुढची चार राहिली — थांब, मीच लावते. बस खाली. ऊठ. काचतंय कुठे? नाही ना? या खोऱ्यातल्या गिरण्यांनी अर्ध्या यॉर्कशायरला अशाच विजारी घातल्या. कॉर्डरॉय आहे, महिनाभर अंगावर वागव, मऊ पडेल.

हात सराईत आहे म्हणतेस? असणारच. बाबांची बटणं रोज सकाळी मीच लावायची — एकोणीस वर्षं. दुकान त्यांचंच हे. कापड कापायच्या मशीनमध्ये उजवा हात सापडला त्यांचा, तीन बोटं गेली — आणि पुढच्याच गुरुवारी माझं कॅनडाचं जहाज. एड्विन, माझं लग्न ठरलं होतं त्याच्याशी, आधीच गेलेला, तिथे घर बघून ठेवलेलं. ‘थर्झा, तू जा,’ बाबा म्हणाले, ‘माझं मी बघेन.’ आणि उभे राहिले, एका हाताने विजार धरून. असं टाकून कोण जाईल? सांग ना. एड्विनला लिहिलं, एक हिवाळा थांब. तीन थांबला बिचारा.

मग त्या अपघातानंतर दहाव्या वर्षी — हे कशाला सांगतेय मी — चहा घेऊन वर गेले, तर दार किलकिलं. बाबा आरशासमोर. डाव्या हाताने पटापट चारही बटणं लावली. गॅलिस ताणून पाहिले. मग एकेक करून सगळी काढली, पलंगावर बसले आणि हाक मारली, ‘थर्झाऽ!’

काय करणार? गेले. लावली. दुसऱ्या दिवशीही. पुढची नऊ वर्षं. बोलले असते तर म्हातारा रडला असता, आणि मी — मी जाणार कुठे होते? एड्विनला तोवर दोन मुली झालेल्या. फक्त बटणं लावताना बाबांच्या तोंडाकडे बघायचं सोडलं मी. त्यांना कळलं असावं, कारण तेही खिडकीबाहेर बघायला लागले.

— नाही, पुढे काही नाही. ते गेले, दुकान राहिलं. तू कशाला डोळे पुसतेस? काढ ती विजार, पाय अर्धा इंच आखूड करते. सोमवारी ये. आणि तो पडदा नीट ओढ, वारा येतोय.