जाऊबाईंचे आकडे

मायबापहो, टाळ जरा थांबवा, एक प्रश्न विचारते. दुसऱ्याला जे झेपलं ते मलाही झेपलंच पाहिजे — हा हट्ट जिद्दीचा की अहंकाराचा? लगेच उत्तर नको. आधी माझ्याबरोबर कऱ्हाडला चला!

तिथे देशमान्यांच्या घरी दोन जावा. थोरली सुलक्षणा, धाकटी रेणुका. दोघी लग्नांचे व्हिडिओ करायच्या, आपापल्या खोलीत. दोघींनी एकाच दुकानातून अगदी सारखे सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडले. साड्यासुद्धा इतक्या सारख्या घेतल्या नसतील हो!

आता या कॉम्प्युटरच्या पोटात असतो प्रोसेसर. नखाएवढा तुकडा — आणि एका सेकंदात चारशे कोटी ठोके! मृदंगवाले काका, लाजू नका, तुमचाही हात बरा आहे. पण मंडळी, मी नुसतं ‘विठ्ठल’ म्हणेपर्यंत त्या इवल्याशा तुकड्याने केवढं काम उपसलं! माणसाने हे घडवलं. मग त्या माणसाला घडवणारा केवढा असेल? माझ्या तर अंगावर काटा येतो! तर त्या प्रोसेसरच्या शेजारी मेमरी, मागेल ते त्याच्या हातात देणारी. या दोघांना कंपनीने ठरवलेल्या वेगापुढे पळवायचं, त्याचं नाव ओव्हरक्लॉकिंग.

रेणुकाने पळवलं. तिचं काम झरझर होऊ लागलं. चहा पिता पिता सासूबाई सहज म्हणाल्या की धाकटीचं उरकलंसुद्धा. आता सासू कधी सहज बोलते का, हे मी अजून शाळेत आहे म्हणून तुम्हालाच विचारते!

झालं. रेणुका भाजीला गेली तशी सुलक्षणा तिच्या खोलीत शिरली. तिच्या सेटिंगच्या पडद्याचा फोटो काढला आणि वेग, व्होल्टेज, सगळे आकडे जसेच्या तसे आपल्या यंत्रात भरले. आणि यंत्र पळालं की!

त्या दिवशी तिच्याकडे गौतमीच्या लग्नाचं काम होतं. गौतमी संध्याकाळच्या विमानाने परदेशी निघणार, व्हिडिओ सोबत नेणार. सुलक्षणाने कॅमेऱ्याच्या कार्डावरचं सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि दुसऱ्या लग्नासाठी ते कार्ड पुसायला घेतलं. बोट बटणावर! तेवढ्यात दारातून रेणुका म्हणाली, “ताई, पुसण्याआधी एकदा चालवून बघा.”

सुलक्षणाला राग आला. पण चालवलं. पाठवणीचा प्रसंग. मुलीचे वडील, चारचौघांत कधी न बोलणारे, लेकीचा हात धरून तोंड उघडतात — आणि पडद्यावर नुसते हिरवे-जांभळे चौकोन! आवाज तुटलेला. बापाचे शब्द गेले! मेमरीला वेग झेपत नव्हता. ती थांबली नाही, ओरडली नाही, गुपचूप चुकीचं उतरवत राहिली. मंडळी, बोट दाबलं गेलं असतं तर?

सुलक्षणा गार पडली. फोटो काढल्याचं तिने स्वतःच सांगितलं. म्हणाली, “पण भाग तर सारखेच आहेत ना गं?”

रेणुकाने टोमणा मारला नाही. मारता आला असता! ती म्हणाली, “हे तुकडे सिलिकॉनच्या चकतीतून कापतात; एकाच चकतीतले दोन तुकडेही सारखे नसतात, ताई. मी थोडं चढवायचे, तपासायचे. कितीदा बंद पडलं माझं. मला माझ्या यंत्राने सांगितलं कुठे थांबायचं. तुमच्या यंत्राला तुम्ही विचारलंत का?”

मग दोघी शेजारी बसल्या. वेग उतरवत गेल्या, मेमरी तपासत गेल्या. रेणुकाच्या बरंच खाली ते यंत्र स्थिर झालं — शांत, बिनचूक! कार्डावरचं पुन्हा उतरवलं. चित्र स्वच्छ. वडील लेकीला म्हणत होते, “पोचलीस की फोन कर. आणि जेवल्याशिवाय झोपू नकोस.” एवढंच. दोघी जावांना पुढचं दिसेना, डोळे भरले होते. व्हिडिओ मात्र विमानाआधी गौतमीच्या हातात पोचला.

मायबापहो, आकडे चांगलेच होते; ते दुसऱ्याचे होते! उद्या आमच्या शाळेचा निकाल आहे. इथले निम्मे आईबाप शेजारच्या मुलाचे टक्के पाठ करूनच दारात उभे राहणार, मला ठाऊक आहे! भरा हो, पोरांच्या डोक्यात भरा ते आकडे. पोर बंद पडणार नाही, ओरडणारही नाही. चुपचाप पळत राहील. आत काय पुसलं जातंय, ते एकदा चालवून बघाल ना?