कोमट कुंड

(डोंगरातल्या गरम झऱ्यावर बांधलेली स्नानाची कुंडं. बायकांचा भाग. दुपारची वेळ.)

चिमणी : चार तास बसमध्ये अंग आंबवून आलो, अक्का, आणि तुम्ही पायातली चप्पलसुद्धा काढायला तयार नाही!

अक्का : हवापालटाला जाऊ म्हणालीस. झाडं, वारा, दोन दिवस आराम. पाण्याचं नाव तरी काढलंस का?

चिमणी : काढलं असतं तर आला असतात?

अक्का : वाफेने भाजलेल्या बाईला वाफाळत्या पाण्यावर आणलंस. डोक्यात काय भुसा भरलाय तुझ्या?

चिमणी : डॉक्टरच म्हणाले ना तुम्हाला, अशा पाण्यात बसलात तर खांदा सुटेल म्हणून? तुमच्या लेकीने सांगितलं मला. चार वर्षं हात वर जात नाही, वेणीसुद्धा तीच घालते. ऐन थंडीत गार पाण्याने अंघोळ करता. चहाला जाड साय आल्याशिवाय कपाला हात लावत नाही.

अक्का : त्या कार्टीच्या तोंडात तीळ भिजत नाही.

कुंडावरची बाई : बायांनो, भांडण संपलं की पाय धुऊन आत या. दाराशी उभ्या राहिलात तर बाकीच्यांनी जायचं कुठून?

चिमणी : आलोच हो. जरा मनधरणी चाललीय.

कुंडावरची बाई : कुणाची, यांची? का हो, पाण्याची भीती वाटते?

अक्का : भीती कसली? वास बघा की केवढा! अंडी नासल्यासारखा.

चिमणी : इस्पितळाच्या धुलाईत बावीस वर्षं काढलीत तुम्ही, अक्का. ऑपरेशनच्या चादरी धुतल्यात. आणि तुम्हाला वास येतोय?

कुंडावरची बाई : वास घटकाभराने कळेनासा होतो. बघू, पदर काढा जरा. हं. मानेपासून कोपरापर्यंत आहे. कशाने?

अक्का : वाफेची नळी फुटली.

कुंडावरची बाई : बरं. पाणी लागलं की आधी खाजेल, घाबरू नका. मग सैल पडेल.

अक्का : एवढ्या बायका आहेत आत. सगळ्या बघत बसतील.

कुंडावरची बाई : कोण बघतंय? ती कडेची बघा, पोटावर वीतभर टाक्यांची खूण. तिच्या शेजारची, गुडघे बघा कसे सुजलेत. धडधाकट बाई एवढा डोंगर चढून कशाला येईल?

अक्का : पाणी किती कढत असतं?

कुंडावरची बाई : वरच्या कुंडात झरा फुटतो, तिथे मीही पाय घालत नाही. मधलं सवयीच्या बायकांचं. हे खालचं कोमट, यात ओढ्याचं पाणी सोडलंय. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात ना, तसं मी तासातासाला कोपर घालून बघते. तुम्ही पायरीवर बसा आधी. मी तिकडच्या आजींना बाहेर काढून येते.

चिमणी : बसा. पाय वरच ठेवा हवं तर. मी उतरते… आई गं, काय सुख आहे! अक्का, खरंच सांगते, त्या दिवशी तुम्ही नसता तर मी आज—

अक्का : पुरे. पुढे बोलू नकोस.

चिमणी : दर वेळी हेच! मी आभार मानायला तोंड उघडलं की तुम्हाला चादरींच्या घड्या आठवतात. चार वर्षांत एकदा तरी वाक्य पुरं करू दिलंत?

अक्का : कारण त्या दिवशी काय झालं ते तुला ठाऊक नाही.

चिमणी : मी तिथेच होते. इस्त्रीच्या यंत्रामागे, ओल्या चादरीत पाय गुंतून पडले होते.

अक्का : पडलीस ते मी पाहिलं. पाहिलं, आणि पळाले. दारापर्यंत गेले, कडी काढली. बाहेरचा गार वारा तोंडावर आला माझ्या. सगळे म्हणतात, अक्काने मागचापुढचा विचार केला नाही. केला होता गं. उंबऱ्यावर उभी राहून केला.

चिमणी : मला ठाऊक आहे.

अक्का : काय ठाऊक आहे?

चिमणी : तुम्ही दार उघडलंत तेव्हा आत उजेड आला. बाकी सगळी वाफच वाफ, तेवढंच दिसत होतं. खोटं कशाला बोलू, वाटलं, अक्का गेल्या, आता आपण मेलो. मग त्या उजेडात तुमची सावली परत माझ्याकडे यायला लागली.

अक्का : आणि एवढी वर्षं गप्प बसलीस?

चिमणी : बोलू दिलंत कुठे? मला तर तेच सांगायचं होतं. तुम्ही सुटला होतात, अक्का. वारा लागला होता तोंडाला. तिथून परत आत आलात. कुणी आलं असतं का?

अक्का : …रडू नकोस. आधीच इथे पाणी काय कमी आहे?

चिमणी : तुम्हीही रडताय.

अक्का : वाफ गेली डोळ्यांत.

कुंडावरची बाई : काय, अजून पायरीवरच? हात द्या इकडे. चांगला हात राहू दे, तो दुखरा द्या. असा. आधी टाच. भाजतंय?

अक्का : नाही… नाही भाजत.

कुंडावरची बाई : आता पुढची पायरी. गुडघे. घाई नाही कुणाला.

अक्का : चिमणे, धरून ठेव हं मला. सोडू नकोस.

चिमणी : धरलंय. घट्ट धरलंय.

अक्का : अगं, हे तर… ऊब आहे नुसती. किती दिवसांनी! कमरेपर्यंत आलं गं पाणी.

कुंडावरची बाई : बसा आता निवांत. पाऊण तासाने हाक मारते.

अक्का : हं. बोल. मघाशी काय म्हणत होतीस?

चिमणी : जाऊ द्या आता. कळलं ना तुम्हाला?

अक्का : नाही, बोल. आज ऐकते.

चिमणी : तुमच्यामुळे मी आहे, अक्का.

अक्का : बरं. …सरक जरा तिकडे. खांद्यापर्यंत बसायचंय मला.