दुसरा ब्रेक

गाड्यांच्या दुकानात आईचा नंबर यायला अवकाश होता. मांडीवर दप्तर घेऊन बसलेल्या मुलीचे कान शेजारच्या टेबलाकडे टवकारले होते. तिथे गाडी शिकवणाऱ्या एक बाई, त्यांचा थोरला भाऊ आणि समोर विक्रेता.

“साहेब, लीजवरच घ्या. तीन वर्षं वापरा, परत करा, नवी न्या.”

“ऐकलंस ना? डोक्याला ताप नाही.”

“दादा, गाडी मला हवीय. अहो, माझ्याशी बोला. माझ्या बाजूला दुसरा ब्रेक बसवता येईल?”

“साहेब, लीजच्या गाडीत बदल चालत नाहीत. नेली तशीच परत करायची.”

“मग शिकणाऱ्याने ऐनवेळी भलतंच काही दाबलं, तर मी काय हात जोडून बसू?”

“अगं, तू अनुभवी आहेस. जोरात ओरडायचं.”

“ओरडून गाडी थांबते होय? अकरा वर्षं शिकवतेय मी! परवा एका आजोबांनी गाडी सरळ शाळेच्या फाटकावर नेली. माझा पाय वेळेवर पडला म्हणून पोरं वाचली.”

“बरं बाई, चिडू नकोस.”

“चिडू नको तर काय करू? मला विकतच हवी. ब्रेक बसवूनच नेणार.”

“ठीक आहे. साहेब, तुमचं काय म्हणणं?”

“पुन्हा साहेब! अहो, त्यांना काय विचारता? त्यांना गाडी चालवता येत नाही! तीनदा शिकवलं मी, आणि तिन्ही वेळा ब्रेक मलाच दाबावा लागला!”