बेडकीच्या पाल्याची परीक्षा

(सोलापूर, १९३१. शुक्रवार पेठेतली डॉ. वेणीमाधवांची प्रयोगशाळा.)

वेणीमाधव : पुन्हा तोच पाला? केराबाई, ही प्रयोगशाळा आहे, शेरडांचं कुरण नाही.

केराबाई : शेरडांस्नी न्हाय, आमच्या मालकांस्नी देते. बेडकीचा पाला. चावला की गूळ मातीवानी लागतोय.

वेणीमाधव : म्हणजे जीभ बधिर झाली. मधुमेह कुठे गेला? डोळे मिटून म्हणाल, सूर्य मावळला!

केराबाई : पर मुताला मुंग्या लागायच्या बंद झाल्या हुत्या की.

वेणीमाधव : वा! आम्ही मुंबईत पाच वर्षं काचेच्या नळ्या घासल्या, आणि तुमच्या सांगोल्यात मुंग्याच डॉक्टर झाल्या!

केराबाई : त्यांस्नी विंग्रजी येत न्हाय. गोड तेवडं कळतंय.

वेणीमाधव : गेल्या महिन्यात तुमच्या मालकांची, सिद्धाप्पांची, लघवी मी स्वतः तपासली. निळ्या औषधात उकळली, तर विटेसारखी लाल. लाल म्हणजे साखर. 'पाला निरुपयोगी' असं लिहूनही दिलं.

केराबाई : त्यो कागूद मालकांनी कपाळाला लावला. पाला त्याच दिशी सोडला. मुंग्या परत आल्या, अन् पायाचं बोट काळं पडलं. आता आठ दिस झालं, माजी शपथ घालून पुन्यांदा चारतीया. ह्ये घ्या, आजचं मूत.

वेणीमाधव : मडक्यात? मागे बाटलीत आणली होतीत.

केराबाई : कोरं हाय. उकळा तर खरं.

वेणीमाधव : उकळतो. म्हणजे एकदाची तुमची खोड मोडेल... थांबा. अजून थोडं तापू दे... निळंच आहे.

केराबाई : म्हंजी साकर न्हाय?

वेणीमाधव : ती मागची बाटली कुठली होती?

केराबाई : तुमचीच की. माज्या खोकल्याचं औषद दिलं हुतं, ती.

वेणीमाधव : अहो, ते मधातलं औषध! बाटली धुतली नाहीत?

केराबाई : धुनार हुते. तुमीच वरडला. 'तुमच्या विहिरीचं घाण पाणी माझ्या बाटलीला लावू नका,' म्हनला.

वेणीमाधव : ...एवढ्यावरून पाला गुणकारी ठरत नाही, केराबाई.

केराबाई : फुकट बी ठरत न्हाय की.

वेणीमाधव : बरं, तो कागद आणा. फाडून दुसरा देतो.

केराबाई : कागूद नगं. गाडीत बसा अन् बोट बगायला चला. अन् चुकलं म्हून तुमच्या तोंडानं सांगा त्यांस्नी. माजं ऐकत न्हाईत.

वेणीमाधव : का? काय म्हणतात?

केराबाई : म्हनत्यात, शिकलेला मानूस चुकत न्हाय.